मघाचंच बरं होतं

दिवसभर मी लोकांना एकच प्रश्न विचारते. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत माणूस खुर्चीत बसतो, मी त्याच्या डोळ्यासमोर एक भिंग सरकवते, मग दुसरं, आणि विचारते, "हे बरं की मघाचं?" माणसं गोंधळतात, परत दाखवा म्हणतात, काहीजण मला बरं वाटावं म्हणून "दोन्ही छान" म्हणतात. पगार मिळतो म्हणून मी हे शांतपणे करते. पण संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आत नवऱ्यानेही मला तोच प्रश्न विचारावा, याचा पगार मला कुणी देत नाही.

"हे बरं की मघाचं?" असं म्हणून तो संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवायचा.

संगणक चालवणाऱ्या लिनक्स नावाच्या प्रकरणात एक सोय आहे. संगणक तोच, आतल्या फायली त्याच, पण वरचं रूप हवं तेव्हा बदलता येतं. खालची पट्टी वर नेता येते, खिडक्यांना गोल कोपरे देता येतात, वाटलं तर पट्टीच काढून टाकता येते. या रूपाला डेस्कटॉप म्हणतात. असे डेस्कटॉप पैशाला पासरी आहेत, किंबहुना पैसाही लागत नाही, सगळे फुकट. आणि फुकट म्हटलं की आमच्या घरात विषय संपला. नवरा पाणीपुरवठा खात्यात पंपांच्या वेळा बघतो. तिथे एक झडप इकडची तिकडे करायची तर तीन साहेबांच्या सह्या लागतात. त्याची सगळी हौस मग घरी येऊन निघते.

त्या डेस्कटॉपांची खरी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, त्यामुळे मी आपली माझी नावं ठेवली. पहिला होता करडा. पावसाळी आभाळाच्या रंगाचा, खाली एक जाड पट्टी, बाकी काही नाही. मग आला काचेचा, त्यातलं सगळं आरपार दिसायचं आणि हलायचं. मग डाव्या पट्टीचा. मध्ये खिडक्या फरश्यांसारख्या चिकटून मांडणारा एक टाइल्सवालाही येऊन गेला. त्यात माउस चालतच नव्हता, सगळं कीबोर्डच्या कळांवर. तो बंद कसा करायचा हे नवऱ्यालाही सापडेना, शेवटी मी जाऊन प्लग उपटला. "असं नसतं करायचं!" म्हणून तो माझ्यावरच ओरडला.

हा त्याचा स्वतःचा संगणक असता तर मी डोळ्यावर कातडं ओढून बसले असते. माणसं याहून वाईट नादाला लागतात. पण हा संगणक सासऱ्यांचा होता, आणि सासरे त्या संगणकानेच बोलत होते.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चौकातल्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावलं की वर बघायचे नाहीत. चिमटा इथे, तेलाची बाटली तिथे, स्क्रूंची वाटी डाव्या हाताला. हात आपोआप जायचा आणि वस्तू उचलून यायचा. नवरा लहानपणी शाळा सुटली की त्या टेबलाभोवती घोटाळायचा, म्हणून बाबा त्याला भुंग्या म्हणायचे. आणि दिवसातून किती वेळा कोण जाणे, मान वर न करता म्हणायचे, "भुंग्या, हात लावू नको."

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात राहिला, पण थरथरणारा. ज्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग बसवली त्यांना भाताचा घास धरवेना. समजत मात्र सगळं होतं, निदान तेव्हा तरी आम्हाला तशी खात्री होती.

पुनर्वसन केंद्रातल्या शिक्षिका घरी आल्या आणि आमच्या जुन्या संगणकावर त्यांनी एक बोलकी पाटी बसवून दिली. पाटीवर चौकोन असतात. काहींत तयार शब्द, पाणी, दुखतंय, नको, हो, काहींत अक्षरं. एक उजेड एकेका चौकोनावरून आपोआप सरकत जातो. हवा तो शब्द उजळला की बाबांनी बटण दाबायचं, मग संगणक तो शब्द मोठ्याने म्हणतो. पडद्यावरचा बाण चालवायला आणि बटण दाबायला पेरूएवढा चेंडू बसवलेला माउस दिला. पाटी कायम उघडी ठेवायची नव्हती, कारण हात नुसता टेकला तरी "दुखतंय, पाणी, पाणी, नको" असा गोंधळ सुरू व्हायचा. म्हणून एरवी पडद्यावर फोटो नाहीतर बातम्या, आणि बोलायचं असेल तेव्हा बाबांनी स्वतः पडद्यावरचं एक बटण दाबून पाटी उघडायची, अशी व्यवस्था होती.

करड्यावर बाबा बोलले. दिवसा येऊन-जाऊन सांभाळणाऱ्या मावशींना त्यांनी "खिडकी" म्हणून सांगितलं, मला एकदा "मीठ नाही" म्हणाले आणि वाटीकडे असं बघितलं की मी ओशाळले. शिक्षिकांकडे हट्ट करून त्यांनी पाटीवर भुंग्या नावाचा एक चौकोनही घालून घेतला. घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटत होतं.

मग आमच्या भुंग्याला करडा रंग सहन होईना.

"किती जुनाट दिसतंय," तो म्हणाला. "बाबांना दिवसभर हेच बघायचं. जरा प्रसन्न काहीतरी नको?"

काचेचा आला. पट्टी मधोमध तरंगायला लागली, पाटीचं बटण तिच्या मध्यावर, मोठं, हिरवंगार. फारच देखणं. बाबांनी चेंडू जोरात ढकलला, बटण दाबलं, काही झालं नाही. परत ढकलला. नवरा शेजारून "बाबा, इथे, मध्ये, हिरवं," सांगत राहिला आणि शेवटी त्याने स्वतःच पाटी उघडून दिली. हळूहळू तेच सुरू झालं. संध्याकाळी आम्ही पाटी उघडून द्यायची, बाबांनी दोनचार शब्द बोलायचे. आपण होऊन त्यांनी पाटी उघडणं थांबलं.

नवऱ्याने यातून काढलेला निष्कर्ष असा, की बाबांना हे अवघड जातंय, तेव्हा आणखी सोपं काहीतरी बघू. मग डाव्या पट्टीचा. त्यात बाबांनी बटण दाबलं की पडदाभर सगळ्या प्रोग्रॅमची चित्रं उधळायची आणि बाबा त्यांच्याकडे बघत बसायचे. म्हणजे आणखी सोपं हवं. मग चित्रं मोठी केली. मग पट्टी वर नेली. दर वेळी बाबा जरा कमी बोलायचे, आणि दर वेळी हा नवा डेस्कटॉप उतरवून घ्यायचा. मी सांगून थकले.

"अरे, करडा चालत होता की!"

"तेव्हा बाबाही बरे होते गं," तो म्हणाला. "आता त्यांचं तेवढं राहिलं नाही. म्हणून तर शोधतोय."

आणि तेच मलाही वाटायला लागलं होतं. एकदा मी पाटी उघडून दिली तर बाबांनी एकेक अक्षर गाठून शब्द जुळवला, "कुठे". मी म्हटलं, "बाबा, तुम्ही घरीच आहात. आपल्याच घरी." त्यांनी पुन्हा म्हटलं, "कुठे." मी पुन्हा समजावलं, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन मी रडले. माणसाला आपण कुठे आहोत हेही कळेनासं झालं, असं मी नणंदेला फोनवर सांगितलं.

नणंद नवऱ्यापेक्षा मोठी, आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो. ती जे बोलते ते करते. झटका आला तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "बाबा आपलं आपण सांगू शकतात तोवर घरी राहू देत. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. मावशींची पाठ फिरली असताना छातीत दुखायला लागलं आणि त्यांना हाक मारता आली नाही, तर? मग त्यांना निवासी केंद्रातच ठेवायचं." यात चूक काढायला जागा नव्हती, आणि आम्ही ते मान्य केलं होतं. आता तिने त्या निवासी केंद्रातल्या डॉक्टरबाईंना घरी तपासणीला बोलावलं. बाबा स्वतःहून पाटी उघडून बोलले तर ठीक, नाहीतर केंद्रात एक खाट रिकामी होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी दुकानातून आले तर संगणकावर नवीनच काहीतरी. पडदाभर निळा समुद्र. पट्टी नाही, चित्रं नाहीत, मधोमध एकच पांढरं वर्तुळ आणि त्यात पाटीचं बटण.

"हे बरं की मघाचं?" नवऱ्याने विचारलं. डोळे असे चमकत होते की मला याच समुद्रात उडी मारावीशी वाटली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "उद्या तपासणी आहे, आणि तू आज हे बदललंस?"

"उद्या तपासणी आहे म्हणूनच! बघ ना, एकच बटण. यात चुकायला जागाच नाही. सबंध आठवडा याच्यासाठी खपलोय मी."

"आणि बाबांना विचारलंस?"

"विचारलं की. पण ते बघेचनात."

मी खूप बोलले. हौस, खेळ, पोरखेळ, बापाच्या तोंडात रोज नवी कवळी बसवणारा मुलगा, असं तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि मग अगदी हळू म्हणाला, "मला वाटतं, एखादा तरी असेल ज्यात बाबा परत बोलतील." माझा राग तिथेच अडकला. गिळताही येईना आणि सोडताही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. ताई आधीच येऊन खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसली होती. बाबांना स्वच्छ शर्ट घातला होता, भांग मी पाडला होता. डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या, पण कामाला पक्क्या.

"आता कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या, "आणि कुणी सुचवायचंही नाही. बाबा, तुम्हाला काही सांगायचं असेल तर तुम्ही सांगा. आम्ही थांबलोय."

बाबांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं. मग डावा हात उचलून चेंडूवर ठेवला आणि ढकलला. बटण दाबलं. समुद्र तसाच. परत ढकलला, परत दाबलं. नवरा अर्धवट उठला, डॉक्टरबाईंनी नुसता हात वर केला, तो बसला. बाबांनी परत ढकललं. डॉक्टरबाईंनी काहीतरी लिहिलं. ताईने रुमाल काढला.

माझं काम डोळे तपासण्याचं. माणूस काय म्हणतो याच्या आधी त्याची नजर कुठे जाऊन थांबते ते मी बघते. पण घरी इतके दिवस मी बाबांचा हात बघत होते, आणि थरथरणाऱ्या हातात थरथरच दिसते. त्यातून तो चुकला रे चुकला की आम्ही दोघं मदतीला झेप घ्यायचो. आज झेप घ्यायची बंदी होती. हात बघवेना म्हणून मी पडद्यावरचा बाण बघत बसले.

बाण वेडावाकडा धावायचा. मधल्या वर्तुळाच्या वरून जायचा, बाजूने जायचा, त्यावर थांबायचं नावही घ्यायचा नाही. पण धावून शेवटी जायचा तो एकाच जागी. डावीकडे, खाली, अगदी कोपऱ्यात. तिथे जाऊन अडायचा आणि मग बाबा बटण दाबायचे. पुन्हा तसंच. पुन्हा तोच कोपरा.

"अरे," मी नवऱ्याला म्हटलं, "करड्यात त्या कोपऱ्यात काय होतं?"

"बोलायचं नाहीये ना," तो पुटपुटला.

"काय होतं त्या कोपऱ्यात?" माझा आवाज एवढा चढला की ताई दचकली.

नवऱ्याने पडद्याकडे बघितलं. बाबांनी पुन्हा चेंडू ढकलला, बाण पुन्हा कोपऱ्यात जाऊन अडला. नवऱ्याचा चेहरा उतरत गेला.

"पाटीचं बटण," तो म्हणाला. "पट्टीच्या टोकाला. शिक्षिका म्हणाल्या होत्या, कोपऱ्यातच ठेवा. बाण कोपऱ्याच्या पुढे जाऊ शकत नाही, हात कितीही थरथरला तरी. मला वाटलं... मला वाटलं सहज म्हणाल्या. मधोमध छान दिसत होतं."

मी डोक्याला हात लावला. इतके महिने हा माणूस बाबांसाठी सोपं काहीतरी शोधत होता, आणि सोपं होतं ते त्यानेच शोभेसाठी उचलून दुसरीकडे ठेवलं होतं. बाबांचं काही कमी झालंच नव्हतं. त्यांचा हात टेबलावरच्या वाटीकडे जावा तसा रोज बरोबर जागी जात होता, आणि वाटी आम्ही पळवली होती.

"डॉक्टर, मला पाच मिनिटं द्या," मी म्हटलं.

"आहे त्या परिस्थितीत तपासायचं असतं हो," त्या म्हणाल्या.

"मी एखाद्याला दुसऱ्याचा चष्मा घालून अक्षरं वाचायला लावली, आणि लिहून दिलं की याला दिसत नाही, तर तुम्ही मला काय म्हणाल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे, मग पेनाला टोपण घातलं. "पूर्वीचं परत आणायला किती वेळ लागेल?"

मला धडकीच भरली. करडा पुसून कधीचा गेला असणार. पण नवरा उठला होता. "लगेच. नुसतं लॉगआउट करून परत आत यायचं."

"म्हणजे तू तो काढला नाहीस?"

"कुठलाच काढला नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "सगळे आहेत."

या माणसाच्या काही न टाकण्याच्या सवयीबद्दल देवाचे आभार मानायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. निळा समुद्र गेला. नाव विचारणारी चौकट आली, तिच्या कडेच्या यादीतून त्याने एक नाव निवडलं, आणि करडा समोर आला. जसा सोडला होता तसा. तीच जाड पट्टी, मागे बाबांच्या दुकानातल्या टेबलाचा फोटो, आणि डावीकडे खाली ते बटण.

बाबा पुढे झुकले. त्यांनी चेंडू ढकलला, बाण कोपऱ्यात जाऊन अडला, बटण दाबलं, आणि पाटी उघडली.

ताईच्या तोंडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. डॉक्टरबाई मात्र आपल्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "छान. आता सांगा बाबा, तुम्हाला त्रास कशाचा होतो?"

उजेड चौकोनाचौकोनावरून सरकत गेला. दुखतंय वरून गेला, थंडी वरून गेला. बाबांनी दाबलं.

"भुंग्या," संगणक म्हणाला.

आधी ताई हसली. मग मी, मग डॉक्टरबाईसुद्धा. नवरा तेवढा हसला नाही. मला मात्र एक गोष्ट बोचत होती, ती विचारल्याशिवाय राहवेना. मी बाबांसमोर खाली बसले.

"बाबा, तुम्ही मला त्या दिवशी 'कुठे' म्हणालात. ते बटण कुठे गेलं, असं विचारत होतात ना?"

"हो," संगणक म्हणाला. उजेड पूर्ण फेरी मारून आला. "हो." मी डोळे पुसले तोवर तो परत आला होता. "हो."

घर त्यांना चांगलं ठाऊक होतं. मीच त्यांना त्यांच्या घराचा पत्ता सांगत बसले होते.

"मी एकदा शिक्षिकांना बोलावतो," नवरा घाईघाईने म्हणाला. "आणि बाबा, हे बटण आहे तिथेच जरा मोठं केलं, रंग थोडा गडद केला तर..." असं म्हणता म्हणता त्याचा हात सवयीने माउसकडे गेला.

बाबांनी डावा हात चेंडूवर घट्ट दाबून धरला. मग उजेडाकडे बघत एकेक चौकोन गाठायला लागले. आम्ही सगळे थांबलो. मधले दोन शब्द तयार नव्हते, ते त्यांनी अक्षरं जुळवून केले. त्याला खूप वेळ लागला.

"भुंग्या. हात. लावू. नको."

तो आवाज यंत्राचा होता, सपाट, कुणाचाही असावा असा. पण नवऱ्याने तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. झटका आल्यापासून तो हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून डेस्कटॉप बदलत होता, हे मला तेव्हा कळलं. त्यालाही बहुतेक तेव्हाच कळलं असावं.

डॉक्टरबाईंनी आधी लिहिलेलं खोडलं. ताईने पर्स उघडून रुमाल आत ठेवला आणि मावशींना दुपारी आणखी एक फेरी मारायला सांगा, एवढंच म्हणाली.

त्या संगणकाचा पासवर्ड आता फक्त मला माहीत आहे. मी तो बदलला तेव्हा नवरा स्वतःच पाठ करून उभा राहिला होता. खात्यातून मोडीत निघालेला एक लॅपटॉप त्याने आणलाय, आणि त्यावर त्याचे नवे डेस्कटॉप येत-जात असतात. मी दारात पाऊल टाकलं की तो पडदा वळवून विचारतो, "हे बरं की मघाचं?" मी बघायच्या आधीच आतल्या खोलीतून बाबांची पाटी बोलते. तो शब्द त्यांनी शिक्षिकांकडून मुद्दाम तयार चौकोनात घालून घेतलाय.

"मघाचं."